दोरीचा दिवस

“बाग मिटतेय होऽऽ! पाखरं घरी, माणसं घरी, बाग मिटतेय होऽऽ!”

सासऱ्यांची ही आरोळी वरचीने, म्हणजे त्यांच्या थोरल्या सुनेने, पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती नवी नवरी होती, आणि दचकून हातातली कपबशी तिने जवळजवळ टाकलीच होती. बँडस्टँडच्या कठड्यावर हात टेकून सासरे असा आवाज लावत की तळ्यातली बदकंही माना वर करत. बाग बंद होतेय असं ते कधी म्हणाले नाहीत. दुकानं बंद होतात, बाग मिटते, असं त्यांचं म्हणणं. मग माणसं हसत उठायची, चपला शोधायची, पोरांना घसरगुंडीवरून ओढून काढायची, आणि बाग खरंच पाकळी पाकळी करत मिटायची. सासरे गेले त्यालाही जमाना झाला. हल्ली फाटकावर भोंगा वाजतो. पण वरचीच्या कानात ती आरोळी अजून जशीच्या तशी होती, आणि कानात असेल तेवढंच आता तिच्या भरवशाचं उरलं होतं.

कारण वरचीला दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं, पाटीवर ओलं बोट फिरवावं तसं. माणूस पुढे आला की त्याचे खांदे दिसत, कान दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी धुराचा गोळा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, “बाई, याला चष्मा नाही. आहे ते सांभाळा.” तिने सांभाळलं ते असं, की कोणाला पत्ता लागू दिला नाही. कोणाकडे बघायचं तर ती मान जरा वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. बागेतल्या लोकांना वाटे, बाईला शिंगं फुटलीत, सरळ बघतच नाही. वाटू दे, ती म्हणे. शिंगं फुटलेल्या बाईला कोणी नोकरीवरून काढत नाही, आंधळीला काढतात. आणि नोकरी गेली की फाटकाजवळची खोली जाणार, सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत येणारी. ती गेली तर जायचं कुठे?

बागेची सगळी हकिकत तिला सासऱ्यांच्याच तोंडून कळली होती. इथे पूर्वी शहराचा कोट होता, कोटाबाहेर खंदक. लढाया संपल्या, कोटाचा काही उपयोग उरला नाही, तेव्हा तो पाडला आणि त्याच्याच दगडमातीने खंदक बुजवायला घेतला. बुजवता बुजवता लोक कंटाळले, म्हणून थोडा खंदक तसाच राहिला. तेच तळं. उरलेल्या घडीव दगडांतून बँडस्टँड उभा राहिला, त्याच्यामागे नेच्यांसाठी काचघर आलं, वाटेवर ओतीव लोखंडाचे बाक आले, सिंहाच्या तोंडातून पाणी पडणारी प्यायच्या पाण्याची टाकी आली. सगळं आलं, पण गावाला भिंतीशिवाय करमेना. म्हणून बँडस्टँडपासून तळ्यापर्यंत सरूची एक हिरवी भिंत लावली. तिच्या वरच्या अंगाला पुरुषांनी बसून बँड ऐकायचा, खालच्या अंगाला, तळ्याकडे, बायकापोरांनी. पुढे काळ बदलला. बायका वर आल्या, पुरुष खाली गेले, कोण कुठेही बसू लागलं. भिंत मात्र राहिली, आणि भिंतीला दोन बाजू म्हणून माळीही दोनच राहिले.

सासऱ्यांनी थोरल्या मुलाला वरची बाजू दिली, धाकट्याला खालची. मुलांच्या मागे त्या बाजू सुनांकडे आल्या. तेव्हापासून बागेत या दोन जावांना कोणी नावाने हाक मारत नाही. एक वरची, एक खालची.

वरच्या बाजूला ऊन होतं, बँड होता, बाकांवर बसून “वा, काय सुरेख कापलंय” म्हणणारी माणसं होती. खालच्या बाजूला सावली, शेवाळ आणि डास. खोल्यांचीही तीच गत. वरचीची खोली फाटकाशी, खालचीची होडीघराच्या मागे, जिथे भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. खालचीची मुलगी लहानपणी त्या खोलीत धापा टाकायची. एका थंडीत खालची दारात येऊन म्हणाली होती, “जाऊबाई, थंडीपुरती खोली बदलून द्या. पोरीच्या छातीत शिट्ट्या वाजतात.” वरची म्हणाली, “खोल्या मामंजींनी वाटून दिल्यात. मी कोण बदलणारी?” पोर जगली, पण मामाकडे वाढली. सुट्टीत यायची, खुर्चीच्या कडेला बसायची आणि आईला ‘तुम्ही’ म्हणायची.

त्या थंडीपासून खालची वरचीशी बोलत नाही. बोलायचं ते भिंतीशी.

“काय गं भिंती,” ती आपल्या बाजूने ओरडून म्हणायची, “तुझ्या त्या अंगाला कोणी नळी घेऊन बसलंय का? का आज पाण्याचा अभिषेक चाललाय स्वतःवर?”

“भिंती,” वरची आपल्या बाजूने म्हणायची, “सांग तिला, नळी चालून येत नाही. न्यायला पाय लागतात, आणि मागायला तोंड.”

“तोंड आहे म्हणावं. पण तोंड घालायला जागाही बरी लागते.”

कामाचं दुसरं काही असेल तर ते होडीवाल्यामार्फत चालायचं. होडीवाला दोघींनाही वहिनी म्हणायचा, आणि या दारचा निरोप त्या दारी नेताना त्यात पदरचं मीठ घालायचा. वरची म्हणायची, “तिला सांग कात्रीला धार लाव.” तो खाली जाऊन सांगायचा, “वहिनी, त्या म्हणतात तुमच्या कात्रीपेक्षा तुमची जीभ बरी कापते.” खालची म्हणायची, “असं म्हणाली?” आणि तो म्हणायचा, “शब्द माझे, भाव त्यांचा.”

पण काम करताना दोघींना एकमेकींशिवाय गत्यंतर नव्हतं. ही भिंत एकटीने कापायची नाही, असा सासऱ्यांचा दंडक. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, मध्ये सरू, आणि एकदमच पुढे सरकायचं. एकमेकींचा चेहरा दिसत नाही. ऐकू येते ती पलीकडची कात्री. आवाज दबका असला की भिंत जाड आहे. आवाज मोकळा होऊ लागला की आपण फार आत शिरलो, हात मागे घ्यायचा. सरूचं एक आहे, त्याचं वरचं हिरवं कितीही कापा, पुन्हा फुटतं. आतल्या तपकिरी लाकडात कात्री गेली की ती जागा जन्मात हिरवी होत नाही.

आणि हात चालले की खालचीचं तोंड चालायचं. ती गाणी रचायची, तिथल्या तिथे, कात्रीच्या ठेक्यावर:

वरल्या अंगाला गं ऊन पडे सोन्यावाणी
खालच्या नशिबाला शेवाळाचं गार पाणी

वरचीही काही कमी नव्हती. तीन-चार खटके ऐकून घ्यायची आणि मग परतवायची:

शेवाळाचं पाणी ज्याचं त्याला गोड लागे
दुसऱ्याच्या उन्हासाठी रात्र रात्र कोण जागे

लोक बाकावर टेकून ऐकायचे आणि म्हणायचे, काय गोड आवाज आहेत. शब्द कोण ऐकतंय.

डोळे जायला लागले तेव्हा वरचीला या गाण्यांचा आधार झाला. पलीकडून टोमणा आला की तिला कळायचं, खालची कुठवर पोचली, मध्ये सरू किती उरला, आपला हात कुठे थांबवायचा. तिच्या शत्रूचा आवाज तिची काठी झाला होता. तीच काठी आपल्याला टोचते, हेही तिला पटलेलं होतं. तिने कधी त्याबद्दल आभार मानले नाहीत. आभार मानायचे म्हणजे सांगावं लागणार.

यंदा मात्र नळीवरून वाजलं ते फारच. वरचीने नळी वरच्या नळाला कुलूप घालून ठेवली, आणि खालचीला सबंध आठवडा तळ्यातून बादल्या वाहाव्या लागल्या. खालचीने भिंतीला सांगितलं, “आजपासून मी दुपारची कापणार. सकाळी या अंगाला माणूस नसेल. बसू दे तिला एकटीला.” आणि तसंच केलं. सकाळी वरची एकटी कापू लागली, समोर नुसता शांत सरू. कात्रीचा खटका नाही, गाणं नाही. चार दिवस तिने हात लावून लावून कापलं. मग वाटलं, जमतंय की. वर्षानुवर्षांचा हात आहे, डोळ्यांवाचून काय अडतंय?

त्याच सुमारास बागेवर नवे साहेब आले.

हे साहेब स्वभावाने गरीब. ओरडायचे नाहीत, उन्हात टोपी काढून डोकं पुसायचे, आणि सगळ्यांना अहोजाहो करायचे. बागेच्या स्थापनेचं मोठं वर्ष जवळ आलं होतं. बँडस्टँडला रंग चढत होता, सिंहाच्या तोंडातून पुन्हा पाणी पडू लागलं होतं. फाटकावर एक फलक लागणार होता, बागेचा इतिहास आणि बागेतल्या सोयी. साहेबांनी माळ्यांना, होडीवाल्याला, झाडणाऱ्या बायकांना बँडस्टँडपाशी जमवून तो वाचून दाखवला.

“पिण्याचे पाणी. स्वच्छतागृह. चालण्याचा मार्ग. खुली व्यायामशाळा. मुलांसाठी झोके व घसरगुंडी. नौकाविहार.”

“साहेब, नौकाविहार नका लिहू,” होडीवाला म्हणाला. “लोक मोठ्या आशेनं येतील. होडी लिहा. आणि पायाने चालवायचा एक हंस, मान मोडलेला.”

सगळे हसले. साहेबही हसले, मग टोपी हातात घेऊन गंभीर झाले.

“सरूची भिंत मूळ लागवडीतली आहे. तिचं नाव फलकावर सगळ्यात वर येणार. पण एक अडचण आहे, बाई. वरून हुकूम आलाय. भिंतीला यापुढे माळी एकच. दुसऱ्या बाईंना मोकळं करावं लागेल. खोलीसुद्धा एकच राहील, फाटकाजवळची. होडीघरामागची पाडायचीय.”

साहेब टोपी हातात फिरवत राहिले.

“मी कोणाला हात धरून काढणार नाही,” साहेब म्हणाले. “तुमचा तो दोरीचा दिवस येतोय ना? दोघींनी कापा. जिचा हात सरळ, ती राहील.”

दोरीचा दिवस म्हणजे वर्षातून एकदा भिंतीला नवी रेघ द्यायचा दिवस. बँडस्टँडच्या कठड्यापासून तळ्याकाठच्या दिव्याच्या खांबापर्यंत पांढरी दोरी ताणायची, आणि तिच्या मापाने माथा आणि दोन्ही अंगं एका ओळीत आणायची.

“ऐकलंस का भिंती,” खालची तिथेच, सगळ्यांदेखत, सरूकडे तोंड करून म्हणाली, “यंदा तुझं एक अंग विधवा होणार.”

“होईल ते खालचं,” वरची म्हणाली.

“बघू की. ऊन कोणाच्या दारी कायमचं राहायला आलेलं नसतं म्हणावं.”

वरचीने रात्रभर उलटसुलट विचार केला आणि तिला वाटलं, आपण आधी वार करायला हवा. हल्ली भिंतीला हात लावला की ती पातळ लागायची. खालची दुपारी एकटी कापते. मुद्दाम आत आत शिरत असणार, आपल्या बाजूची रेघ बिघडावी म्हणून. सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, तुम्ही भिंत जपा म्हणता, आणि तिकडे भिंत सोलून काढणं चाललंय. या माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघा.”

साहेब आले. होडीवाला आला, कारण असं काही त्याच्यावाचून कधी होत नसे. गडबड ऐकून पलीकडे खालचीही आली. वरचीने मान वळवून, दंड ताठ करून भिंतीकडे बोट दाखवलं.

“बघा कशी खाल्लीय.”

साहेबांनी वाकून भिंत नीट पाहिली. मग हळूच म्हणाले, “बाई, ही तुमचीच बाजू आहे.”

“म्हणजे?”

“खालच्या बाजूला हिरवं आहे. तपकिरी पडलंय ते इकडून. हे बघा, इथे, आणि इथे. इथे तर आरपार दिसतंय.”

“कसर लागलेल्या घोंगडीसारखी झालीय, वहिनी,” होडीवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात या खेपेला चेष्टा नव्हती.

वरचीने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. मऊ, वासाची पालवी लागायला हवी होती तिथे बोटांना काटक्या लागल्या, कोरड्या, खरखरीत, मोडकी पेटी चाचपावी तशा. हात पुढे पुढे गेला आणि थेट पलीकडच्या मोकळ्या हवेत निघाला. तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. हे तिचं होतं. शांत सकाळी, एकटीने, वर्षानुवर्षांच्या हाताने तिने हे केलं होतं.

“करपा पडलाय,” ती म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं, इतका तो खणखणीत निघाला. “करप्याला मी काय करू? रोग आहे तो.”

“करपा!” भोकातून खालचीचा आवाज आला. आज तो पानांतून गाळून येत नव्हता, सरळ गालावर आदळत होता. “भिंती, हा करपा मोठा मानपान बघतो गं. थोरल्यांच्याच घरी उतरतो.”

“तुझ्या बाजूचं पाणी झिरपून मुळं कुजली असतील.”

“हो तर. आणि बादल्या वाहिल्या मी. आंधळीसारखी कात्री चालवायची आणि खापर पाण्यावर फोडायचं.”

आंधळीसारखी. बोलायची एक पद्धत होती ती, बागेत दिवसातून दहादा कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणे. वरचीने मात्र तो शब्द धरला. हिला कळलंय? का आपलं बोलली? चेहरा बघता आला असता तर समजलं असतं. पण भोकाच्या जागी धूर होता, आणि धुराला भुवया नसतात.

साहेबांनी टोपी घातली. “दोरीच्या दिवशी बघू,” ते म्हणाले. “पण बाई, आता ही आणखी आत कापली तर संपली. मग ना भिंत, ना माळी. दोघींनाही सांगतो.”

मधल्या दिवसांत वरचीने एकच गोष्ट घोकली. दोरीच्या दिवशी दोघींना समोरासमोर उभं राहावंच लागेल. खालचीची कात्री पलीकडे असेल. कात्री पुरेशी नाही, मध्ये इतकी भोकं असताना खटके कुठून येतात ते कळणार नाही. गाणं हवं, अखंड चाललेलं गाणं. ती गात राहिली की हिचा हात तिच्या आवाजाला धरून चालेल, सरळ, अगदी सरळ. आणि खालची गाते कधी? चिडली की. तेव्हा तिला चिडवायचं, असं की तिचं तोंड थांबता थांबू नये. शिव्या दिल्या तरी सुरात देईल.

तो दिवस उजाडला. बाकांवर माणसं आधीच बसली होती. साहेबांनी मोबाइल एका काठीवर लावला होता, बागेच्या वर्षासाठी चित्रण करायचं म्हणून. वरचीने दोरीचं टोक कठड्याला बांधलं. गाठ तिच्या बोटांना पाठ होती. पलीकडचं टोक खालचीने खांबाला बांधताना असा हिसका दिला की दोरी वरचीच्या तळव्यातून सरसर गेली आणि कातडी सोलवटली.

“भिंती, लागलं का कोणाला?” खालचीचा आवाज आला.

“लागायला हाताला जोर लागतो,” वरची म्हणाली. छान. सुरुवात चांगली होती.

दोघी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. खालचीने घसा खाकरला आणि सुरू केलं:

उंदीर कुरतडे पोतं, तशी कात्री कुरतडी
थोरलीच्या पायाशी गं सरूची ही कातडी

बाकांवरून हसू आलं. वरचीला आतून सुटल्यासारखं वाटलं. येऊ दे, आणखी येऊ दे. पण रिवाज असा की पहिली कात्री थोरलीची पडायची, आणि तिला भीती वाटली की एवढ्याने भागणार नाही. एका टोमण्यावर खालची गप्प झाली तर? तिला पेटवायला हवं. इतकं पेटवायला हवं की तळ्यापर्यंत विझू नये. आणि पेटवायला काय लागतं ते वरचीला चांगलं ठाऊक होतं. तिने ते इतकी वर्षं कधी हातात घेतलं नव्हतं. आज घेतलं:

पाहुणी आली दारी, बसे खुर्चीच्या कडेला
‘तुम्ही’ म्हणे आईला गं, ‘आई’ म्हणे मामीला

बाकांवर कोणी हसलं नाही.

“वहिनी,” होडीवाला हलकेच म्हणाला, “हे नको होतं.”

वरची वाट बघत राहिली. आता येईल. आता असं काही येईल की कान किटतील. तिने कात्री उघडी धरली, पाय रोवले आणि पलीकडच्या आवाजासाठी अंगभर कान केले.

काही आलं नाही.

तळ्यावरून वारा आला, सरूचा वास घेऊन गेला. एका बाकावर पोराने काहीतरी विचारलं आणि आईने त्याला गप्प केलं. पलीकडे कात्री नाही, सूर नाही, पाय हलल्याचा आवाज नाही. जिच्या जिभेला इतक्या वर्षांत कधी गंज चढला नाही ती बाई मुकी झाली होती.

“करा सुरुवात,” साहेब म्हणाले.

वरचीने कात्री पुढे नेली. दोरी डोक्याच्या वर कुठेतरी होती, समोर धूर. मान वळवली तर एका कडेला हिरवं दिसलं, दुसऱ्या कडेला बँडस्टँडचा नवा रंग, आणि जिथे कापायचं तिथे काहीच नाही. पात्यांना काहीतरी लागलं. पालवी की काटकी? तिने पाती जरा आत ढकलली. आवाज नव्हता म्हणून माप नव्हतं. इथून हिरवं असेल तर रेघ सरळ येईल, खोली राहील, ऊन राहील. तपकिरी असेल तर भिंत इथून फाटेल ती कायमची, आणि फलकावर तिच्या नावाच्या जागी खिळ्याची भोकं राहतील.

चक्कर आली म्हणावं. उन्हाने चक्कर कोणालाही येते. बसावं खाली, आज टळेल. उद्या? उद्याही धूर इथेच असणार.

“बाई?” साहेब म्हणाले.

तेव्हा तिला तो ऐकू आला. श्वास. अगदी जवळ, कात्रीच्या पात्यांच्या पलीकडे वीतभरावर. वरखाली होणारा, रडू गिळलेल्या माणसाचा. खालची भोकाशी तोंड आणून उभी होती. वरचीची उघडी पाती भोकात होती, आणि खालची हलत नव्हती.

“काप ना,” खालची म्हणाली.

भिंतीला नाही. भिंती हा शब्दच नव्हता त्यात. त्या थंडीनंतर पहिल्यांदा ती सरळ वरचीशी बोलत होती, आणि आवाज इतका थंड होता की वरचीच्या हातातलं लोखंडही त्यापुढे ऊबदार वाटलं.

“काप, जाऊबाई. पोरीपर्यंत तर गेलीस, आता काय उरलंय? नरडं इथेच आहे. थांबलीस कशाला? माझं तोंड समोर दिसतंय म्हणून लाज वाटली?”

वरचीचा मोकळा हात पात्यांकडे गेला. तिने ती मिटली. मिटताना मध्ये काही येत नाही ना, हे बोटाने चाचपून मगच मिटली, आणि हे सगळ्यांनी बघितलं, मोबाइलनेही बघितलं. मग कात्री ओढून बाहेर काढली आणि आवाजाच्या दिशेने मान सरळ केली, तिरकी नाही, अगदी सरळ, त्यामुळे होतं नव्हतं तेही पुसलं गेलं.

“नाही दिसत,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझं तोंड. नाही दिसत मला.” शब्द बाकांपर्यंत गेले. “भिंत दिसत नाही, दोरी दिसत नाही. समोरचं काही दिसत नाही, किती वर्षं झाली. तू गायचीस तिथवर मी कापायची.”